एकास पन्नास हजार

आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये नवा माणूस आला की दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तो मला चहाच्या टपरीमागे घेतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "त्या अप्पांचे पन्नास हजार कुणाकडे अडकलेत का हो?"

कुणाकडे अडकलेले नाहीत. पण पहाटे स्वारगेटला गाडीत बसल्यापासून त्या गृहस्थांच्या तोंडून पन्नास हजारांचा उल्लेख निदान वीसदा झालेला असतो आणि तोही वसुलीच्या सुरात, तेव्हा ऐकणाऱ्याची चूक नाही. अप्पांचे पन्नास हजार म्हणजे नकाशाचं प्रमाण. एकास पन्नास हजार. कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. एवढं प्रमाण सांभाळलं की बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो, असं त्यांचं मत आहे.

अशी माणसं बहुतेक ग्रुपांत एकेक असतातच. कुठे ती बँकेतून निवृत्त झालेली असतात, कुठे भूगोलाचे मास्तर असतात. नाशकाकडच्या एका ग्रुपात तर मी चांगली पस्तिशीतली, संगणकातली बाई पाहिली. ओळखायची खूण एकच. जवळ पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी असते. अप्पांची शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी असते आणि लग्नकार्यातही निघत नाही.

अप्पा पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून चिकटले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. म्हणजे आयुष्यभर ट्रेसिंग कापडावर दुसऱ्यांची धरणं काढली. अमोनिया प्रिंटचा वास त्यांच्या नाकातून अजून गेलेला नाही. फरशी पुसायच्या औषधाचा उग्र भपकारा आला तरी ते क्षणभर डोळे मिटून उभे राहतात. या माणसाला निवृत्तीनंतर मुलानं संगणक घेऊन दिला. पोराचा हेतू हा, की वडिलांनी घरबसल्या विजेचं बिल भरावं. वडिलांनी सह्याद्री भरायला घेतला.

त्यांच्या बोलण्यात गावांची नावं क्वचित येतात. गावं शीटच्या नंबरानं ओळखायची. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पद्धतीत ४७ एफ म्हणजे १८ ते १९ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश यांच्यामधला चौकोन. त्याचे पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे. पुण्याची शनिवारवाड्याकडची बाजू चौदा नंबरात, भोर सोळा नंबरात. थोरली मुलगी भोरला दिली आहे, तिच्याबद्दल अप्पा "ती सोळात सुखी आहे" असं सांगतात. धाकट्या मुलानं कात्रजला फ्लॅट घेतला तेव्हा मात्र ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "शीट सोडून गेला रे."

आता मुख्य उद्योगाकडे येतो. अप्पांकडे स्कॅन केलेले जुने नकाशे आहेत, प्रत्येकी सव्वाशे एमबीची एक टिफ फाइल. या चित्रांची छापता येईल अशी पीडीएफ करायची, हे त्यांचं निवृत्त जीवितकार्य. ऐकायला हे काम दोन मिनिटांचं वाटतं. फाइल उघडा, प्रिंटमध्ये जा, 'सेव्ह ॲज पीडीएफ' करा, मोकळे व्हा. ग्रुपमधल्या एका आयटीतल्या मुलानं त्यांना हे मोठ्या उत्साहानं करून दाखवलं होतं. अप्पांनी शांतपणे खिशातली पट्टी काढून स्क्रीनला लावली. त्या दिवसापासून तो मुलगा त्यांच्या शेजारी बसत नाही.

त्यांचं म्हणणं मला हळूहळू समजत गेलं, आणि समजल्यावर पटलंही, ही माझी अडचण. चित्राच्या फाइलला स्वतःची लांबी-रुंदी नसते, नुसती ठिपक्यांची शिरगणती असते. आडवे सहा हजार दोनशे, उभे साडेसहा हजार. ते ठिपके तुम्ही तिकिटावर मावतील असे छापा नाहीतर भिंतभर पसरा, त्यांची तक्रार नसते. पीडीएफच्या पानाला मात्र सेंटिमीटर असतात. "चित्र म्हणजे कापडाचा तागा," अप्पा सांगतात, "आणि पीडीएफ म्हणजे शिवलेला सदरा. माप न घेता शिवायला मी काय रेडिमेडवाला आहे?"

आणि माप घेणं म्हणजे काय, ते त्यांच्या घरी रात्री साडेअकराला पाहावं. आधी नकाशाचे चार कोपरे पकडायचे. कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश शीटवरच छापलेले असतात. ते टाइप करायचे आणि माउसनं नेमका तो कोपरा टिपायचा. अप्पा श्वास रोखतात. चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला, जीभ किंचित बाहेर. टिक्. मग पुढचा कोपरा. चारही झाले की क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चूक किती झाली ते ठिपक्यांत सांगतं. एकदा १.३ आली. मी म्हटलं, "वा!" अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, ते खात्यात कनिष्ठ अभियंत्याकडे पाहत असतील तसं. "तीनशे डीपीआयला एक ठिपका म्हणजे जमिनीवर सव्वाचार मीटर. म्हणजे आपण साडेपाच मीटर चुकलोय. ही आख्खी खोली साडेपाच मीटर नाही." आणि पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून सुरुवात.

मग कडेची चौकट आणि मजकूर कातरायचा, शेजारचं शीट त्याला भिडवायचं, प्रमाणाच्या रकान्यात ५०००० टाकायचे आणि पानं पाडायची. शीटचा नुसता नकाशाचा भाग साधारण ५३ बाय ५५ सेंटिमीटर. ए-वन कागदावर तो ऐसपैस बसतो, ए-टूवर बसत नाही. घरच्या प्रिंटरवर काढायचा तर ए-फोरची सहा पानं होतात, जोडण्यापुरती सेंटिमीटरभर कड एकमेकांवर चढवून. ही सहा पानं जेवणाच्या टेबलावर जोडली जातात. काकूंची या विषयावरची भूमिका सौम्य आहे. फसलेल्या पानांचं त्या काहीतरी करतात. त्यांच्या मसाल्याच्या फडताळात तळाला वेल्हे अंथरलेलं आहे आणि लोणच्याच्या बरणीखाली पानशेत. "तेवढाच ह्यांच्या धरणांचा उपयोग," म्हणाल्या.

सर्व्हे ऑफ इंडियानं २०१७ साली ओपन सिरीजचे नकाशे संकेतस्थळावरून थेट पीडीएफमध्येच द्यायला सुरुवात केली. ही बातमी अप्पांना सांगणारा मीच. मला वाटलं, सुटला माणूस. अप्पांनी आनंदानं त्या पीडीएफ उतरवून घेतल्या, त्यांची चित्रं केली, चित्रं जोडली, आणि त्या चित्रांची पुन्हा पीडीएफ केली. या प्रवासात काय साधलं, असं मी विचारलं नाही. काही माणसांना आयतं वाढलेलं ताट उष्टं वाटतं.

पण खरा रंग चढतो तो प्लॉटरच्या दुकानात. पुण्यात इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ड्रॉइंगवर जगणारी दुकानं आहेत. तिथल्या मुलाला एका वेळी चार जण चार पेनड्राइव्ह दाखवत असतात आणि त्याचा हात माउसवर आपोआप चालतो. त्या आपोआप चालणाऱ्या हातावर अप्पांचा रोष आहे, कारण तो हात छापण्याआधी 'फिट टू पेज'वर टिचकी मारतो. पेनड्राइव्ह देतानाच अप्पा बजावतात, "ॲक्च्युअल साइज. शंभर टक्के. फिट करायचं नाही." मुलगा "हो काका" म्हणतो आणि फिट करतो.

मी एकदा बरोबर होतो. ए-वन कागद सुर्रकन बाहेर आला, रंग सुरेख, मुलगा खूश. अप्पांनी कागद काउंटरवर पसरला, खालच्या मोजपट्टीला स्टीलची पट्टी लावली, पंधरावर नखानं खूण केली, पट्टी पुढे सरकवली. दहा किलोमीटरची रेघ वीस सेंटिमीटर भरायला हवी. भरली एकोणीस पूर्णांक चार. अप्पांनी खिशातून पेन काढून नकाशाच्या पाठीवर भागाकार मांडला आणि तो मुलापुढे सरकवला.

"हा नकाशा एकास एक्कावन्न हजार पाचशे शेहेचाळीस आहे."

"बरं काका."

"बरं काय? सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ साली सुरू झालं. तेव्हापासून आजपर्यंत असं प्रमाण कुणी काढलेलं नाही. ते तू आज काढलंस."

दुकानातले चारही पेनड्राइव्ह थबकले. मुलानं नकाशाकडे पाहिलं, मान तिरकी केली आणि अगदी सहज म्हणाला, "पण काका, खालची पट्टी पण तेवढीच बारकी झालीय ना? मग तिच्यावरनं मोजलं तर हिशोब बरोबरच येतोय की."

असं कुणी अप्पांना आजवर बोललं नव्हतं. आणि पोरगं शंभर टक्के बरोबर होतं! रेषाप्रमाण त्यासाठीच असतं. कागद आकसो, फुगो, पट्टीही त्याच्याबरोबर आकसते-फुगते आणि खरी राहते. अंकप्रमाणाला ती सोय नाही. शाळेत दोन मार्कांना हा फरक लिहायचो आपण. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बराच वेळ गेला. मग एकदम खालच्या पट्टीत म्हणाले, "पट्टी खरं बोलतीय रे बाळा. पण वरती एकास पन्नास हजार छापलंय, ते खोटं बोलतंय. आता एकाच कागदावर दोघांनी नांदायचं कसं?"

मुलानं मुकाट्यानं दुसरा कागद काढून दिला. पैसे एकाचेच घेतले.

ग्रुपवरच्या लोकांची गोष्ट निराळी. त्यांच्या लेखी नकाशा म्हणजे स्क्रीनशॉट. कुणीतरी फोनवर नकाशा उघडतो, बोटांनी ताणतो, फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो. फोटो म्हणून टाकलेलं चित्र पाठवताना दाबलं जातं. आख्ख्या शीटचं लांबीला सोळाशे ठिपक्यांचं काहीतरी उरतं. अप्पांचा हिशोब तयार असतो. अठ्ठावीस किलोमीटर भागिले सोळाशे, म्हणजे ठिपक्याला साडेसतरा मीटर. कंटूर वीस-वीस मीटरला. "आता एका ठिपक्यात कडा बसवायचा की पायवाट? विचारा त्या ठिपक्याला." त्यात कुणी तो ब्लॅक अँड व्हाइट छापून आणला, की विचारूच नका. निळा ओढा, तपकिरी कंटूर, लाल पायवाट, तिघंही करडे होऊन एकमेकांच्या गळ्यात पडतात. आमच्यातला एक जण असा करडा ओढा पायवाट समजून अर्धा तास उतरला होता. वर आला तेव्हा त्याला कुणी काही बोललं नाही. अप्पांनी फक्त पाण्याची बाटली पुढे केली आणि "कलर घ्यावा," म्हणाले.

त्याच गृहस्थाचा आणखी एक नकाशा अप्पांनी जपून ठेवला आहे. स्क्रीनशॉट जसाच्या तसा छापलेला. वरच्या कडेला घड्याळ, तीन मिस्ड कॉल आणि बॅटरी बारा टक्के. दिवसभर पावसापाण्यात हिंडून आम्ही गावात उतरलो, तेव्हा सगळ्यांचे फोन झोपले होते. अप्पांनी तो कागद उलगडून सगळ्यांना दाखवला. "बघा. सकाळी बारा टक्के होती, अजून बारा टक्केच. कागदावर उतरली की बॅटरीसुद्धा संपत नाही."

पावसाचं मात्र त्यांना एकदा भोवलंय. घरच्या इंकजेटवर छापलेला नकाशा जुलैमध्ये नेला. तासाभरात सगळी निळाई हिरवाईत उतरली, हिरवाई अप्पांच्या शर्टावर, आणि राजगडाचं खोरं त्यांच्या खिशात साचलं. तेव्हापासून नकाशा लेझरवर छापून वर लॅमिनेशन. लॅमिनेशन घडी घालू देत नाही, म्हणून गुंडाळी. गुंडाळी चेपते, म्हणून तिला अडीच इंची पीव्हीसी पाइप, दोन्ही बाजूंना टोपणं. हा पाइप पाठीवर आडवा बांधून अप्पा सह्याद्रीत हिंडतात. अरुंद वाटेवर समोरून येणाऱ्याला कड्याच्या बाजूला सरकावं लागतं.

परवा आम्ही सिंहगड-राजगड-तोरणा केला. ट्रेकर लोक त्याला एसआरटी म्हणतात. अप्पा 'पंधरा-अकरा-बारा-अकरा' म्हणतात. त्याला कारण आहे. सिंहगड पंधरा नंबरच्या शीटमध्ये, पण अगदी पश्चिम काठावर, बोटभर आत. गड उतरून थोडं पुढे गेलं की अकरा लागतं. राजगड बाराच्या वरच्या काठाला जेमतेम चिकटलेला. तोरणा परत अकरात. शिवाजी महाराजांच्या दोन राजधान्यांपैकी पहिली बरोबर शिवणीवर यावी, हे अप्पांना लागून राहिलेलं दुःख आहे. यावर ते इंग्रजांना दोष देत नाहीत, पृथ्वीलाही देत नाहीत. "पंधरा मिनिटांची रेघ आहे, कुठून तरी जाणारच," एवढंच म्हणतात. पण म्हणताना आवंढा गिळतात.

खाली एका वाडीत पाणी प्यायला थांबलो. अप्पांनी पाइप उतरवला, टोपण काढलं आणि ओट्यावर नकाशा पसरला. पाच मिनिटांत आठ-दहा माणसं जमली. एका म्हाताऱ्या आजींनी पाइपाला हात लावून पाहिला आणि विचारलं, "सायेब, आमच्या वाडीचा नळ ह्याच पायपाचा व्हय? लईच बारका हाय." अप्पांनी समजावलं, की ते नळ योजनेचे नव्हेत. मग मोजणीचे असणार, असं ठरलं. एक शेतकरी पुढे सरसावला. त्याचं दहा गुंठ्यांचं रान बांधावरून अडकलं होतं. ते नकाशात दाखवा म्हणाला.

दुसरा कुणी असता तर "यात ते नसतं" म्हणून सुटला असता. अप्पा सुटत नाहीत. त्यांनी समजावलं, की हा गावनकाशा नव्हे, यात गट नंबर नाहीत, ते भूमी अभिलेखकडे. पण माणूस हलेना, तेव्हा त्यांनी पट्टी काढली. दहा गुंठे म्हणजे साधारण बत्तीस मीटरचा चौरस. भागिले पन्नास हजार. "अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त," अप्पा म्हणाले आणि पेनाचं टोक वाडीशेजारी अलगद टेकवलं. "हे बघा. तुमचं रान या टिंबाएवढं. टाचणीचं डोकं याहून मोठं असतं."

शेतकऱ्यानं वाकून बराच वेळ ते टिंब निरखलं. "बरोबर हाय," तो म्हणाला. "भावकीलाबी तेवढंच दिसतंय."

त्यानं चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुंजवण्याकडून राजगड चढत होतो. रविवार. या वाटेवर चुकायचं म्हटलं तरी जमत नाही. पुढे माणसं, मागे माणसं, दगडांवर बाण, बाण संपले तिथे वेफर्सची पाकिटं. अप्पा त्यामुळे जरा हिरमुसलेले असतात. एवढं शिवून आणलेलं अंगावर घालायची वेळच येत नाही. ते नकाशा तपासायला चालतात. गड तिथे आहे, ओढा तिथे आहे, देऊळ छापल्याप्रमाणे आहे, अशा टिका मनातल्या मनात मारत चढतात. छापखान्यातला माणूस प्रुफं वाचतो तसा त्यांचा ट्रेक.

मध्येच ते थांबले. मागची सबंध रांग थांबली.

"काय झालं अप्पा? दम लागला?"

"शीट संपलं."

पाइप उतरला. टोपण निघालं. अकरा नंबर आत गेलं, बारा नंबर बाहेर आलं. मागून कुणीतरी "काका, साइड द्या" म्हणालं. अप्पांना ऐकू आलं नाही. ते दोन्ही हात लांब करून कागद धरून एकदा डोंगराकडे, एकदा कागदाकडे पाहत होते. त्यांना ती रेघ हवी होती. अक्षांश १८ अंश १५ मिनिटं, अकराची खालची कड आणि बाराची वरची. ती इथेच कुठेतरी, या दगडधोंड्यांतून जात होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा अप्पा तिच्या इतक्या जवळ आले होते. पण कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर, आणि कागद त्याहून बारीक काही सांगेना.

जरा घुटमळले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "फोन दे रे जरा."

मी काहीही न बोलता दिला. बोलायचं खूप होतं. अप्पा फोन तळहातावर आडवा धरून, हळदीकुंकवाचं तबक नेतात तसे दोन पावलं वर गेले, चार पावलं खाली आले, करवंदीच्या जाळीत शिरले, बाहेर आले. आकडा जागच्या जागी डुचमळत होता. शेवटी एका ठिकाणी १५ मिनिटं आणि पुढे दोन शून्यं स्थिरावली. अप्पांनी काठीच्या टोकानं मातीत आडवी रेघ मारली. एक पाय रेघेच्या वर ठेवला, एक खाली. पाइप काखोटीला मारला, शर्ट खाली ओढला.

"काढ फोटो. रेघ आली पाहिजे."

मी काढला. रेघ आली नाही. माती ओली होती आणि मधून एक कुत्रं गेलं. पण अप्पा दोन शीटमध्ये एकेक पाय ठेवून उभे आहेत हे अप्पांना माहीत होतं, त्यांचा चेहरा तसा आला.

"लगेच पाठव," ते म्हणाले, आणि मी फोनवर बोट टेकवणार तोच माझा हात धरला. "थांब. फोटो म्हणून नको. डॉक्युमेंट म्हणून पाठव."